पंधरा वर्षांचं पासबुक

आज पोस्टात जाऊन पीपीएफचं, म्हणजे सरकारच्या १५ वर्षांच्या बचत योजनेचं, खातं आणखी ५ वर्षांसाठी वाढवून आले. पासबुकाच्या आतल्या पानावर बाबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं अजून वाचता येतं: '५ तारखेच्या आत भर.' ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असते, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं, हे त्यांनीच शिकवलं. खातं उघडलं तेव्हा व्याज ८ टक्के होतं, एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे. तरी एकही वर्ष खंड पडू दिला नाही.

मला पन्नाशीत नोकरी सोडायचीय. त्यानंतर पगाराशिवाय जगायला किती पुंजी हवी? वर्षाचा घरखर्च ६ लाख, त्याच्या २५ पट म्हणजे दीड कोटी. पण हा २५ पटींचा आडाखा अमेरिकेतला. आपल्याकडची महागाई आणि दवाखान्याचा खर्च बघता मी ३० पट धरते, म्हणजे १ कोटी ८० लाख. निम्मा पल्ला गाठलाय, उरलेली भिस्त इंडेक्स फंडाच्या एसआयपीवर, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकण्यावर.

घरी आल्यावर आईला पासबुक दाखवलं. आकड्यांकडे तिनं पाहिलंच नाही. बाबांच्या त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली.