दाण्यांचा पिंगळा

कोकणात जून लागला की उजेडाची टंचाई सुरू होते. भर दुपारी देवराईत शिरलं तरी कॅमेरा आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड वाढवून दाखवायचा आकडा, ६४०० मागतो, आणि पिंगळा, हे छोटं घुबड, तर बाहेर पडतो नेमका दिवेलागणीला. फोटोत दाणे येणारच. नवशिक्यांना या दाण्यांची, म्हणजे नॉईजची, भारी धास्ती. आयएसओ ८०० च्या वर न्यायचा नाही अशी शपथच घेतलेली असते. मग फोटो काळोखा काढायचा आणि घरी येऊन संगणकावर उजळत बसायचं. दाणे उलट जास्तच वर येतात.

कारण खरी उणीव उजेडाची. आयएसओ फक्त मिळालंय तेवढं मोठं करून दाखवतो. पहिल्या सरीला अंगणात बघा: या फरशीवर चार थेंब, शेजारचीवर नऊ, पलीकडे एकच. पाऊस धो धो लागला की सगळं अंगण सारखं ओलं. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, प्रकाशकण असेच पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण आले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. यात कंपनीचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा.

तेव्हा उजेड मिळेल तेवढा आत घ्यायचा. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं: एफ ६.३ ऐवजी एफ ४ ची लेन्स अडीचपट उजेड घेते. किंमत मात्र अडीचपटीत भागत नाही. त्यापेक्षा लेन्स चिऱ्याच्या गडग्यावर टेकवून शटर १/३० सेकंदावर आणणं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवणं, आपल्या खिशाला झेपतं. पिंगळा बसला की ठोंब्यासारखा बसतो. मध्येच मान फिरवतो, म्हणून धडाधड फ्रेम काढायच्या. एखादी तरी स्थिर निघते. फ्लॅश मी काढतच नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो कशाला मारायचा?

पुढचं काम सॉफ्टवेअरचं, आणि इथे हात आवरावा लागतो. लाल-हिरवे रंगीत ठिपके खुशाल पुसा, त्यांच्यावाचून काही अडत नाही. पण पिंगळ्याच्या डोक्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, ते त्याचे स्वतःचे. दाणे पुसायचा स्लायडर जरा पुढे सरकला की दाण्यांबरोबर तेही जातात आणि प्लास्टिकचं खेळणं उरतं. नवी एआयवाली सॉफ्टवेअरं अजून हुशार. ती ठिपके सुबक आणून देतात, पण यातले याचे किती आणि त्यांनी पदरचे घातलेले किती, कोण सांगणार? मी मागचा काळोख साफ करतो आणि पक्ष्यावरचे दाणे तसेच ठेवतो. स्पर्धेचे परीक्षक नाकं मुरडत असतील तर मुरडोत.

शिवाय फोटो शेवटी जातो कुठे, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ६००० पिक्सेल रुंदीचा १५०० झाला की सोळा पिक्सेलांचा एक होतो आणि नॉईज साधारण चौथ्या हिश्शावर येतो. रात्र जागून केलेली कारागिरी तिथे कुणालाच दिसत नाही. काकूचं उत्तर मात्र लगेच आलं: "हो आमच्याच माडावरलो मां? रात्रभर वरडता मेलो, झोपाक देणा नाय."