पंधरा युनिटांचा हट्ट

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी काउन्सेलर आहे. ऑगस्टमध्ये सत्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दारापुढे रांग लागते. त्या दिवशी आलेला मुलगा पंचविशीचा, गोदामात रात्रपाळी करणारा. आर्थिक मदत बंद झाल्याचं पत्र हातात. अपील करायचं तर माझ्या सहीचा अभ्यास-आराखडा लागतो. बसायच्या आधीच म्हणाला, "पंधरा युनिटं टाका, लवकर उरकून टाकतो."

युनिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं माप. हिशेब चुकीचा नव्हता. असोसिएट म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिटं, वेळेत संपवायची तर सत्राला १५. पूर्णवेळ शिकणारे जास्त प्रमाणात पदवीपर्यंत पोचतात, हेही खरं. पण पूर्णवेळ शिकणं मुळात परवडतं कोणाला, हे कोणी विचारत नाही.

मी त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आजवरच्या विषयांचं नि गुणांचं पत्रक, उघडलं. पहिल्या सत्रात घेतली १५, पदरात ६. पुढचं सत्र कोरं. मग पुन्हा १५, त्यातली ३ पार. वर्षभर गायब. नंतर १२, त्यातली ६. बाकी सगळीकडे डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडलेले विषय. मदत चालू राहायला घेतलेल्यातली साधारण ६७ टक्के युनिटं पार व्हावी लागतात. या मुलाची घेतलेल्यातली निम्मीही पार नव्हती.

मधल्या एका उन्हाळ्यात मात्र दोनच विषय होते, इंग्रजी आणि इतिहास, मिळून ६ युनिटं. दोन्हींत बी. उन्हाळी सत्र म्हणजे अख्खा अभ्यासक्रम काही आठवड्यांत कोंबलेला. तिथे बी मिळवणारा मुलगा ढ नसतो.

"तेव्हा रात्रपाळी नव्हती?"

"होती की."

कागदावर मांडून दाखवलं: उरली ३९. सत्राला ६ आणि उन्हाळ्यात ३, म्हणजे वर्षाला १५. खंड पडला नाही तर तीन वर्षांच्या आत पदवी. तो वैतागला. "तीन वर्षं?" पहिलं सत्र घेऊन किती वर्षं झाली, ते मी त्यालाच मोजायला लावलं. (जरा दुष्टपणाच, पण उपयोगी पडतो.)

तरी सहावर राजी होईना. अपील मंजूर झालं तर ६ युनिटांवर पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) निम्मी मिळते, ९ वर पाऊण. घरभाडं त्याला भरायचं होतं, मला नाही. शेवटी ९ ठरली, त्यातला गणिताचा वर्ग सत्राच्या उत्तरार्धात सुरू होणारा. मला ते पटलं नव्हतं, तरी सही केली.

अपील मंजूर झालं. गणित त्याने सुरू व्हायच्या आधीच सोडलं, त्यामुळे डब्ल्यू लागला नाही आणि ग्रँट तेवढी कमी झाली. बाकी दोन्ही विषय पार. जानेवारीच्या सत्राला पहिल्यांदाच खंड न पाडता नाव नोंदवलं, ६ युनिटांसाठी.