दोन सीटांची नवी गाडी

माझदा एमएक्स-५ अखेर घरी आली. दोनच सीटा, कापडी छत, ताकद मागच्या चाकांना. आत बसायचं म्हणजे जवळजवळ खाली उतरायचं. शेजारच्या ट्रकचं चाक थेट डोळ्यांसमोर येतं. १८४ अश्वशक्ती ऐकायला फार नाही, पण वजन जेमतेम १,१०० किलोच्या आसपास. स्टीअरिंग फिरवायचा अवकाश, गाडी वळणात शिरलेली असते.

खरी मजा गिअरची! दांडा आखूड, मनगट जरासं हललं की खट्कन दुसरा. इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत (म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) चढतं, त्यामुळे गिअर मुद्दाम उशिरा बदलतो. (बायको म्हणते, नुसता आवाज ऐकायला. खरंय.) छत हातानंच मागे ढकलायचं, सिग्नलला बसल्या बसल्या जमतं. डिकीत दोन छोट्या बॅगा मावतात, तेवढ्यात भागवायचं ठरवलंय.