ओव्हरड्राइव्ह कुठला घेऊ? आधी अँप कुठला ते सांग

गणपती जवळ आले की मावसभावापासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे मेसेज चालू होतात, दादा ओव्हरड्राइव्ह कुठला घेऊ, बजेट एवढं एवढं, आणि खाली यूट्यूबची लिंक. ओव्हरड्राइव्ह म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज फाडून देणारं, पायानं दाबायचं पेडल. माझा उलटा प्रश्न ठरलेला, अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, कुठला हाय? ह्यावर निम्मी पोरं गप्प होतात. कारण अँप नसतोच, गिटार डायरेक्ट ऑर्केस्ट्राच्या मिक्सरला.

आता असं बघा, यूट्यूबवर जो ट्यूब स्क्रीमर, म्हणजे आयबानेझ कंपनीचं टीएस नावाचं हिरवं पेडल, वाजतोय ना, तो एकटा वाजत नसतोय. मागं फेंडर नाहीतर मार्शलचा ट्यूब अँप असतोय, आधीच फाटायच्या बेतात आणून ठेवलेला, आणि पेडल त्याला फक्त पुढं ढकलतंय. आयबानेझचा टीएस८०८ आला १९७९ ला, टीएस९ आला १९८२ ला, सर्किट सुसुमु तामुरा ह्या जपानी इंजिनिअरचं, आत जेआरसी४५५८ नावाची साधी ऑपअँप चिप. मटणाच्या दरावरनं आपल्याकडं आंदोलन झालेलं, त्याच्या वरताण भांडणं नेटवर ह्या चिपवरनं चालतात. मला विचाराल तर चिपपेक्षा बाकीचं सर्किट महत्त्वाचं. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बेस त्यात कमी क्लिप होतोय, म्हणजे कमी फाटतोय, वरची ट्रेबल पुढं फिल्टरमध्ये कापली जाते, म्हणजे उरला काय, तर मिड, बेस आणि ट्रेबलच्या मधला आवाज. आणि जुन्या फेंडर अँपमध्ये नेमकं मिडच खाली असतंय, म्हणून स्ट्रॅटोकास्टर गिटार, फेंडर अँप आणि हे हिरवं पेडल अशी जोडी जमली, अमेरिकन ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉनचा आवाज ऐकला असंल तर कळंल. मेटलवाले तर ड्राइव्ह, म्हणजे फाटण्याचा नॉब, जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल, म्हणजे आवाजाचा नॉब, फुल ठेवून आधीच भरपूर फाटणाऱ्या हाय गेन अँपच्या पुढं लावतात, गेनसाठी नाही, बेस घट्ट व्हावा म्हणून.

आता हेच पेडल घरातल्या दहा-पंधरा वॅटच्या ट्रान्झिस्टर अँपच्या क्लीन चॅनलला लावा. ढकलायला मागं ट्यूबच नाही, त्यामुळं जेवढं फाटायचं तेवढं पेडलमध्येच फाटणार, आणि पोरगं म्हणणार दादा हे नाकात बोलतंय, डुप्लिकेट लागलं काय. डुप्लिकेट नसतंय रे, ते असंच असतंय. पण तेच पोरगं स्टेजवर गेलं, शेजारी ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, की तेच नाकातलं मिड त्याला वाचवतंय, नाहीतर गिटार कुणाला ऐकूच येत नाही. घरात गोड वाटणारा टोन बँडमध्ये गायब होतो हे कितीही सांगितलं तरी स्वतः वाजवल्याशिवाय पटत नाही कुणाला.

घरच्या ट्रान्झिस्टर अँपसाठी मला स्वतःला बॉसचा ब्लूज ड्रायव्हर, म्हणजे बीडी२, जास्त आवडतो. १९९५ पासून आहे. मिडचा टेकू कमी, बेस-ट्रेबल मोकळी, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की स्वच्छ होत जातो. टोन नॉब मात्र जास्त फिरवू नका, कान फाटतील. त्याच्या आधीचा, १९८१ चा एसडी१ हा पिवळा, टीएसच्याच घराण्यातला, फक्त त्यात डायोड एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असल्यामुळं सिग्नलचा वरचा-खालचा भाग सारखा कापला जात नाही, आवाज जरा खडबडीत येतो. किंमत कमी, बांधा दणकट, सेकंडहँड डोळे झाकून घ्यावा असा.

क्लोन (Klon) ब्रँडच्या सेंटॉर ह्या ओव्हरड्राइव्हचं मला विचारूच नका. बिल फिनेगननं १९९४ मध्ये बाजारात आणला, आता मूळ पीस लाखांत जातो. त्याच सर्किटच्या स्वस्त कॉप्या ढिगानं मिळतात, त्यातली घ्या आणि सुखात राहा.

मिक्सरवाल्यांसाठी मात्र वेगळं. गिटारचा स्पीकर साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचं सगळं स्वतःच गिळतोय, पीएचा, म्हणजे स्टेजच्या मोठ्या स्पीकरचा, हॉर्न गिळत नाही. त्यामुळं पेडल थेट मिक्सरला लावलं की जी किरकिर निघते ती पेडल बदलून जाणार नाही, मग ते पाच हजाराचं असो नाहीतर पन्नास हजाराचं. तिथं कॅब सिम पायजे, म्हणजे स्पीकरची नक्कल करणारा डबा, नाहीतर सरळ छोटा मल्टी-इफेक्ट ज्यात दोन्ही आलं. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला मी तेच सांगतो, टीएसचा नाद सोड.

आणि अ‍ॅडॉप्टर! ह्यावर कुणी बोलतच नाही. बहुतेक पेडलला ९ व्होल्ट लागतंय, तेही सेंटर निगेटिव्ह, म्हणजे पिनच्या आतली बाजू निगेटिव्ह. घरात पडलेला राउटरचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक उलटा असतोय आणि कधी १२ व्होल्टचा, लावायच्या आधी मागचं चित्र बघा. त्यात मांडवातली वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही, लायटिंगचे डिमर, वर सिंगल कॉइल पिकअपची गिटार, जी असला गुणगुणाट लगेच पकडते, मग पेडल तो गुणगुणाट पण इमानदारीत मोठा करून देणार. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घाला, गुणगुणाट निम्मा तिथंच कमी होतोय बऱ्याचदा. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची, ती आत असली की पेडल चालूच राहतंय, खाली लाइट बंद दिसली तरी.

मिळतं कुठं म्हणाल तर शेजारी मिरजेत सतार-तंबोरा जगात नाव घेतात असा मिळंल, पण ओव्हरड्राइव्ह आपल्याला बहुतेक ऑनलाइन नाहीतर पुण्या-मुंबईवरनंच. सेकंडहँड घेताना स्वतःची गिटार घेऊन जा, त्याच्या गिटारवर ऐकू नका. ड्राइव्ह कमी, लेव्हल वर, आणि गिटारचा व्हॉल्यूम हळूहळू खाली. त्यात आवाज मेल्यासारखा झाला तर परत यायचं. नॉब फिरवताना खर्रखर्र आलं तर पैसे कमी करायला सांगा, बहुतेक वेळा नॉबच्या आतल्या पॉटमधला कचराच असतोय, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातो.

मावसभावाला शेवटी जुना एसडी१ घ्यायला लावला, उरलेल्या पैशात धड अ‍ॅडॉप्टर आणि दोन बऱ्या केबली.