अँटिबायोटिक संपल्यावर पोटाचे सहा आठवडे

डिसेंबरमध्ये माझी खालची दाढ सुजली. गाल टम्म, तोंड उघडेना, रात्रभर झोप नाही. डेंटिस्टने एक्सरे काढला, मुळाशी पू झालाय म्हणाले आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि जोडीला मेट्रोनिडाझोल. दुसऱ्या दिवशी ठणका कमी झाला, तिसऱ्या दिवशी सूज उतरली, म्हणजे गोळ्यांनी त्यांचं काम चोख केलं आणि मी हे सगळं अँटिबायोटिकच्या विरोधात लिहीत नाहीये. गरज असताना ती घ्यायलाच हवीत.

पण पोट. मेट्रोनिडाझोलने तोंडात सतत अशी चव यायची जशी कोणी जुनी नाणी चघळायला दिलीत, सकाळचा चहासुद्धा कडू लागायचा. चौथ्या दिवसापासून पातळ व्हायला लागलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी विचारलं रक्त पडतंय का, ताप आहे का, पोटात जोरात कळ येते का, तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाले ओआरएस घ्या आणि कोर्स पूर्ण करा. केला. मला वाटलं गोळ्या संपल्या की चार दिवसांत सगळं जागेवर येईल, पण त्यानंतरही दुपारी जेवले की पोट नगाऱ्यासारखं, रात्री गुरगुर, आणि दूध अजिबात पचेना. एक कप कॉफी घेतली की तासाभरात पळायचं.

दूध न पचण्याचं कारण नंतर कळलं. जुलाबांनी आतड्याच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की तिथलं लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर फोडणारं एन्झाइम, काही दिवस कमी पडतं. दही आणि ताकात ती साखर थोडी आधीच जीवाणूंनी खाल्लेली असते म्हणून ते चालून जातं. आई हे कारण न सांगता कायम म्हणायची, पोट बिघडलंय ना, दूध बंद, ताक घे.

एकीकडे ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं अगं प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटासाठीच्या जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूल सुरू कर, मी पण घेते. मी ऑर्डर करायला निघालेच होते, मग एक दिवस बसून जरा वाचलं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे, त्यात २१ निरोगी माणसांना सात दिवस सिप्रोफ्लोक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं (माझ्याच दोनपैकी एक गोळी!) आणि मग काहींना ११ प्रकारच्या जीवाणूंची प्रोबायोटिक दिली, काहींना नुसतं सोडून दिलं. आश्चर्य म्हणजे ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्या आतड्यातले, अँटिबायोटिकने कमी झालेले मूळचे जीवाणू लवकर परत आले, प्रोबायोटिकवाल्यांचे कित्येक महिने अडखळले. बाहेरून आलेल्यांनी जागा धरून ठेवली आणि घरचे लोक दाराबाहेर. अभ्यास छोटा आहे हे खरं. आणि गोळ्या चालू असताना जुलाब होऊ नयेत म्हणून काही प्रोबायोटिक उपयोगी पडतात असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असतील तर माझं वाचून बंद करू नका. मला कोणी लिहून दिली नव्हती म्हणून मी नाही घेतली, एवढंच.

दुसरा अभ्यास डेन्मार्कचा, तोही २०१८ चाच. १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक दिली. साधारण दीड महिन्यात त्यांच्या पोटातली वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, पण नऊ प्रकारचे नेहमीचे जीवाणू बहुतेकांमध्ये सहा महिन्यांनी पण सापडले नाहीत. हे वाचून मला एकाच वेळी धीर पण आला आणि धसका पण. दीड महिना! आणि मी चौथ्या दिवशी वैतागले होते. मग ठरवलं, सहा आठवडे पोटाला घाई करायची नाही.

पहिला आठवडा आईच्या पथ्याचा. मऊ भात, त्यावर मेतकूट, चमचाभर साजूक तूप, आणि मीठ. सकाळी तांदळाची पेज, दुपारी मुगाचं वरण, रात्री परत मऊ भात. आईने सांगलीहून मेतकुटाचा डबा पाठवला होता, डब्याचं झाकण उघडल्यावर येणारा तो भाजलेल्या डाळींचा आणि मेथीचा वास, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. ताक मात्र रोज, दुपारी, पातळ, जिरेपूड आणि सैंधव घालून, फ्रीजमधलं थंडगार नाही.

आणि दही घरचं. थंडीत आमच्याकडे दही लागत नाही अशी तक्रार सगळेच करतात, मी पण करायचे. आईने फोनवर उभं राहून लावायला लावलं. दूध उकळून कोमट होऊ द्यायचं, करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, चटका बसला तर विरजण मरतं आणि गार झालं असेल तर लागत नाही. विरजण अर्धा चमचा, भांड्याच्या तळाला आणि कडेला फासून मग वरून दूध ओतायचं, ढवळत बसायचं नाही. भांडं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं, सकाळी कवडी पडलेलं. हलवलं तरी कडेला सुटत नव्हतं. तो सकाळचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. दह्यातले जीवाणू आपल्या पोटात कायमचे राहत नाहीत, ते पाहुणे. दोन दिवस राहतात, मदत करतात आणि जातात, म्हणून दही रोज खायचं. मुक्कामाला असतात ते आपले जुने, आणि त्यांना पोसायला दही नाही तर कोंडा, डाळी, भाज्या लागतात, म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. तोच ते आंबवतात आणि त्यातून ब्यूटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, जे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ जणांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात दहा आठवडे आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातल्या जीवाणूंचे प्रकार वाढलेले दिसले. आंबवलेलं म्हटलं की आपल्याला काय कमी आहे सांगा. ताक, आंबील, आंबोळी, इडली.

दुसऱ्या आठवड्यापासून मी नाचणीची आंबील सुरू केली. रात्री नाचणीचं पीठ पाण्यात भिजवून झाकून ठेवायचं, सकाळी जरा आंबूस वास येतो, वर छोटे बुडबुडे दिसतात. ते उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचं, गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण. ताक गरम आंबिलीत घालायचं नाही, जीवाणू मरतात आणि फाटतं पण. पहिल्या दिवशी अर्धी वाटीच घेतली. हे महत्त्वाचं आहे, कारण मी तिसऱ्या आठवड्यात उत्साहाने एकदम राजमा आणि मोड आलेली मटकी दोन्ही खाल्लं आणि रात्रभर गॅसने तळमळले. मग परत मुगावर आले, मग लाल भोपळा, दुधी, मग अर्धी ज्वारीची भाकरी, मग पूर्ण. एकेक नवीन गोष्ट, दोन-तीन दिवस थांबून. आदल्या दिवशीचा भात फ्रीजमधून काढून दहीभात केला तर तो पण चांगला, गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च चोथ्यासारखा वागतो. फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये.

अजून एक, हे नवऱ्याला अँटिबायोटिक चालू होती तेव्हा कळलं होतं. सिप्रोफ्लोक्सासिन, डॉक्सिसायक्लिन असल्या गोळ्या दूध-दह्यासोबत घेतल्या तर कॅल्शियम त्यांना बांधून टाकतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. तेव्हा कोर्स चालू असताना दही खाणार असाल तर किती तासांचं अंतर ठेवायचं हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचाराच.

आणि घरगुती उपाय कुठे थांबवायचे ते पण माहीत असू द्या. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होतंय आणि थांबत नाहीये, ताप, रक्त, पोटात तीव्र दुखणं, तर ताक-भात करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जीवाणू माजू शकतो, कोर्स संपून काही आठवडे झाल्यावर सुद्धा, आणि त्याला वेगळं औषध लागतं. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेणं अशा वेळी धोक्याचं असतं. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या माणसांना तर फारच जपायला हवं.

चौथ्या आठवड्यात कॉफी पचली. सहाव्यात राजमा. पोट फुगणं कधी बंद झालं ते नेमकं सांगता येणार नाही, एक दिवस लक्षात आलं की आज दुपारभर मी पोटाचा विचारच केला नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट दाढेच्या आधीची आहे. ऑगस्टमध्ये मला नुसती सर्दी झाली होती आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिस्क्रिप्शनशिवाय तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. सर्दी विषाणूची, त्यावर त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. पाकिटावर ती उभी लाल रेघ असते ना, २०१६ पासून सरकार सांगतंय की ती दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, मी ती रेघ रोज बघत होते आणि तिचा अर्थ मला माहीतच नव्हता. आता घरातल्या औषधांच्या डब्यातल्या उरलेल्या लाल रेघेच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्यात.

मागच्या आठवड्यात त्याच दाढेचं रूट कॅनल झालं. खुर्चीत बसण्याआधीच विचारलं, परत अँटिबायोटिक लागेल का हो? डॉक्टरांनी दाढ तपासली, गाल दाबून बघितला, म्हणाले सूज नाही, ताप नाही, आता मुळं साफ केली की पुरे, नाही लागणार. भूल उतरल्यावर घरी येऊन मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, डाव्या बाजूने.