वाहन क्रमांकाच्या रकान्यात ‘पायी’

नागपूरहून पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशी एक पायवाट सातपुड्याच्या टेकड्यांमध्ये आहे. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण परवान्याच्या ज्या खिडकीविषयी मला लिहायचे आहे ती त्याच वाटेच्या तोंडाशी आहे, आणि तेथील मंडळींशी आम्हाला अजून पुष्कळ वर्षे संबंध ठेवायचे आहेत.

मी आणि माझे यजमान वर्षाच्या सर्व ऋतूंत डोंगरात चालायला जातो. रामटेकला कोणाला काही विचारावे लागत नाही. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडमंदिरावर जावे आणि ऊन चढण्यापूर्वी खाली यावे, एवढाच तेथला नियम, आणि तोही नागपूरच्या उन्हाळ्याने घालून दिलेला. (त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास मात्र जाऊ नये, यात्रेच्या गर्दीत चालणे होत नाही.) प्रश्न येतो तो संरक्षित वनातील वाटेचा, जेथे परवाना आणि सोबत वाटाड्या लागतो. या दोन्ही अटी मला मान्य आहेत. अस्वल आणि बिबट्या असलेल्या रानात माहीतगार माणसाशिवाय शिरणे शहाणपणाचे नाही.

पावसाळा नुकताच संपला होता आणि आम्ही उजाडायच्या आत खिडकीवर पोहोचलो. खिडकीशेजारच्या फलकावर जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या, दरांखाली ‘निसर्ग पायवाट’ अशी स्वच्छ ओळ होती आणि तिच्यापुढे वाटाड्याचे शुल्कही लिहिलेले होते. हातात आलेल्या अर्जात मात्र नाव, वय आणि ओळखपत्र यांच्यानंतर वाहनाचा प्रकार, वाहन क्रमांक आणि चालकाचे नाव असे तीन रकाने होते. ते मी कोरे सोडले. अर्ज परत आला.

“मॅडम, गाडीचा नंबर टाका.”

“आम्ही पायी जाणार आहोत.”

“पण गाडीनेच आले असाल ना? मग त्या गाडीचा टाका.”

ती गाडी बाहेर चिंचेखाली उभी राहणार होती. तिचा क्रमांक लिहिला असता तर वाहनाचे प्रवेशशुल्क लागले असते, आणि पुढच्या नाक्यावरच्या रक्षकाने परवान्यावरची गाडी कोठे आहे असे विचारून आम्हाला परत पाठवले असते. ही शंका माझी नव्हती, ती त्या कर्मचाऱ्यांनीच बोलून दाखवली, आणि तरीही क्रमांक हवाच असे त्यांचे म्हणणे कायम राहिले. रकाना रिकामा असेल तर नोंदवहीत नोंद करता येत नाही, नोंद नसेल तर पावती फाडता येत नाही, आणि पावतीशिवाय वाटाड्या मिळत नाही. वाटाड्या तर समोरच ओट्यावर बसून आमचे बोलणे ऐकत होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधला आहे. त्याच्या कलम २८ मध्ये पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याची तरतूद आहे आणि तेथे वाहनाचा उल्लेखही नाही, हे मी शांतपणे सांगितले असे मला वाटते. फार शांतपणे नाही, असे ह्यांचे म्हणणे आहे. उत्तर आले, “साहेबांना विचारा.” साहेब दौऱ्यावर होते.

दरम्यान भरलेल्या जिप्सी एकामागून एक आत जात होत्या. पाखरांची वेळ निघून गेली, ऊन टेकडीच्या अर्ध्यावर उतरले. ह्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि वाटाड्याशी गप्पा सुरू केल्या. त्यांच्या या स्वस्थपणाचा मला त्या सकाळी खिडकीपेक्षाही अधिक राग आला.

अखेर मी कोऱ्या कागदावर स्वतंत्र अर्ज लिहिला. त्यात दोघांची नावे, फलकावर जसे आहे तसेच वाटेचे नाव, सोबत वाटाडा असेल हा उल्लेख आणि सूर्यास्तापूर्वी परतण्याची हमी, एवढेच होते. साहेब आले, त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचला, छापील अर्जातील वाहन क्रमांकाच्या रकान्यात ‘पायी’ असे लिहून खाली सही आणि शिक्का केला. याला एक मिनिटही लागले नसेल. या एका शब्दासाठी आमची जवळजवळ सगळी सकाळ गेली.

तेव्हा असा अर्ज घरूनच लिहून न्यावा, दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक मागून घ्यावा. ओळखपत्राच्या छायाप्रतीही घरूनच न्याव्यात. अशा ठिकाणी यंत्र जवळच्या गावात असते आणि ते दुकान उशिरा उघडते. व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रात पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर, पर्यटन बंद असते, म्हणून त्या महिन्यांत बाहेरच्या टेकड्या निवडाव्यात.

त्या दिवशी वाटेवर जे भेटले ते कुसळ. पावसाळ्यानंतरचे गवत वाळू लागले की त्याची कुसळे मोज्यांत शिरतात आणि घोट्याला टोचत राहतात. लोकरी मोजे तर मुळीच घालू नयेत. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री सोबत घ्यावीत, त्यांनी पाण्याची एक बाटली वाचते. साली मात्र पिशवीत परत आणाव्यात. फेब्रुवारीपासून सागाची पाने गळतात आणि उतारावर त्यांच्या थरावरून पाय सटकतो. तेथे काठी लागतेच. त्यानंतर पळस फुलतो, आणि लगेच मोह गळू लागतो, तेव्हा अगदी पहाटे मोहाच्या झाडांखालून जाऊ नये, कारण ती फुले अस्वलालाही आवडतात. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळावे. हे आम्हाला ओट्यावरच्या त्याच वाटाड्याने सांगितले, आणि ह्यांच्या शेंगा त्या बाबतीत कामी आल्या हे मान्य करणे भाग आहे.

सही-शिक्क्याच्या त्या परवान्याची छायाप्रत मी तेव्हापासून पिशवीत ठेवते. गेल्या हिवाळ्यात खिडकीवर नवे कर्मचारी होते. त्यांनीही गाडीचा क्रमांक विचारला, मी ती प्रत पुढे केली, आणि त्यांनी एक शब्दही न बोलता रकान्यात ‘पायी’ लिहिले. पावती मात्र हलक्या वाहनाच्या दराची फाडली होती. ती तेथेच वाचली आणि बदलून घेतली.