तापोळ्याच्या रस्त्यावरचा खापरखवल्या

गेल्या आषाढात महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरताना धुक्यात डांबरावर काळ्या दोरीचा तुकडा पडल्यासारखा दिसला. गाडी बाजूला लावून जवळ गेलो, तर तो महाबळेश्वरी खापरखवल्या साप निघाला, आणि सुदैवाने जिवंत होता. वीतभर लांबीच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या त्या अंगावरच्या जांभळट काळ्या खवल्यांवर निळसर झाक खेळत होती, ओठाशी आणि शेपटीच्या कडांना हळदीसारखा पिवळा पट्टा होता, आणि डोळा मोहरीपेक्षाही लहान होता.

स्ट्रॉबेरीचे वाफे तयार करताना हा साप कुदळीखाली निघतो. अशाच एका वेळी वाफ्यावरच्या एका मावशींनी मला बजावले होते, ‘‘दादा, हात लावू नका, शेपटीनं डसतंय ते.’’ प्रत्यक्षात तो बिनविषारी आहे आणि हाताळला तरी सहसा चावत नाही. शेपटीचे टोक तो टेकवतो, त्यावरून हा समज झाला असावा. ते टोक तिरके छाटल्यासारखे चपटे आणि खरबरीत असते. त्यावर ओली माती चिकटून बसते आणि साप आत शिरला की मागे बिळाला बूच लागते.

त्याची खोदण्याची रीत मला सर्वांत विलक्षण वाटते. टोकदार डोके मातीत रोवल्यावर पुढच्या भागातला पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो, तेवढे अंग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकते, त्या आधारावर डोके पुढे रेटले जाते आणि उरलेले शरीर मागून ओढले जाते. या श्रमासाठी पुढचे स्नायू लालसर, दीर्घकाळ न थकणारे असतात; मागचे फिकट. गांडुळे हे त्याचे अन्न, आणि मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. खापरखवल्यांचे हे कुळ दक्षिण भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका यांखेरीज जगात कोठेही आढळत नाही. महाबळेश्वरच्या या उपजातीचे शास्त्रीय वर्णन १९५५ साली झाले, म्हणजे तिची नोंद होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

जमिनीखाली आयुष्य काढणारा हा जीव पावसाळ्यात वर येतो आणि रस्त्यावर सापडतो. मऊ मातीसाठी घडलेल्या त्या शरीराला डांबरावर टेकायला काहीच मिळत नाही. तो जागच्या जागी वळवळत राहतो आणि तेवढ्यात गाडी येते. वाळक्या काटकीने मी त्याला अलगद कडेच्या पालापाचोळ्यावर सरकवले. डोके क्षणभर चाचपडले, मग ओल्या मातीत रुतले आणि अंग टप्प्याटप्प्याने आत ओढले गेले. शेवटी खापराएवढे शेपटीचे टोक तेवढे बाहेर राहिले. त्यावर माती साचत गेली आणि पाहता पाहता ती जागा भोवतीच्या जमिनीसारखीच दिसू लागली.

परतताना त्याच वळणाच्या खाली आणखी दोन दिसले. दोन्ही चिरडलेले होते; त्यांतल्या एकाच्या शेपटीवर मातीचा गोळा अजून तसाच होता.